मापाला माप

नाणेघाटाच्या माथ्यावर, कोंकणांतून चढत आलेली दगडी वाट जेथें सपाटीला लागते, तेथें एक भला मोठा दगडी रांजण उभा आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणांत टाकीत असत, असें परंपरा सांगते. जवळच्याच लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. राजकुळानें केलेल्या यज्ञांची आणि त्या त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी त्यांत कोरलेली आहे. गाई, घोडे, गांव, कार्षापण – काय किती दिलें, तें आंकड्यांसह सांगितलेलें आहे. एके ठिकाणीं कार्षापणांची संख्या २४,४०० आहे. ती लिहिण्यासाठीं कोरणाऱ्यानें वीस हजारांचें एक, चार हजारांचें दुसरें व चारशेंचें तिसरें अशीं चिन्हें एकापुढें एक मांडलीं. कारण स्थानावरून अंकाची किंमत ठरविण्याची रीत आणि तिला लागणारें शून्य हीं तेव्हां प्रचारांत आलीं नव्हतीं. महाराष्ट्राच्या भूमीवर आंकड्यांत मांडलेला इतका जुना हिशेब दुसरा क्वचितच आढळेल.

गाय मोजतां येते, नाणेंहि मोजतां येतें. धान्याचें तसें नाहीं. बाजरीचे दाणे कोणी मोजीत बसत नाहीं. तेथें आधीं भांडें ठरवावें लागतें, आणि भांडें कोणाचें, हा प्रश्न त्याच क्षणीं उभा राहतो. मराठी भाषेनें मोजणें, मापणें आणि जोखणें हीं तीन क्रियापदें निरनिराळीं ठेवलीं आहेत, तीं उगाच नव्हेत. पहिलें संख्येचें, दुसरें भांड्याचें, तिसरें तराजूचें. एकाचें उत्तर दुसऱ्यांत आणावयाचें म्हणजे मध्यें कोणी तरी ठरविलेला एक आंकडा लागतो. तो आंकडा कोणीं ठरविला आणि ठरवितांना कोणाचें कांहीं गेलें काय, याचा शोध घेत गेल्यास जुन्नर-आंबेगांवच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाचा बराच भाग हातीं लागतो.

जुन्नरच्या भोंवतीं मानमोडी, तुळजा, लेण्याद्रि, शिवनेरी या डोंगरांच्या अंगांत दीडशेंहून अधिक लेणीं खोदलेलीं आहेत. त्यांतील एक सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें दान दिल्याचें लेख सांगतो. ज्या गांवांत धान्य-व्यापाऱ्यांचा संघ डोंगर पोखरून लेणें देण्याइतका संपन्न होता, तेथें धान्याचें माप सर्वांनीं मानलेलें असलें पाहिजे, हें उघड आहे. संघाचें पहिलें कामच तें. दुसऱ्या एका लेखांत अडुथुम नांवाच्या शक उपासकानें दोन गांवांतील शेतांचें उत्पन्न एका श्रेणीकडे ठेव म्हणून सोंपविलें आहे : करंजाचीं झाडें लावण्यासाठीं वीस निवर्तनें आणि वडाचीं झाडें लावण्यासाठीं नऊ निवर्तनें. निवर्तन म्हणजे केवढें? कौटिल्य सांगतो, दहा दंडांचा एक रज्जु आणि तीन रज्जूंचें एक निवर्तन. परंतु दंड केवढा, असें विचारलें तर तोच कौटिल्य सामान्य दंड ९६ अंगुलांचा सांगून रस्ते व तटबंदी यांसाठीं १०८ अंगुलांचा निराळा दंड सांगतो. तेव्हां वीस निवर्तनें हा आंकडा शिलेवर अक्षय राहिला. त्याच्यामागची काठी मात्र हरवली.

त्याच काळांतील एक लेख याहून शहाणा आहे. क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा शेहेचाळिसाव्या वर्षाचा लेख जुन्नरला मानमोडीच्या डोंगरांत आहे. आणि त्याच नहपानाचा जांवई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतील लेख सत्तर हजार कार्षापणांचें दान सांगून लगेच खुलासा करतो, कीं पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावानें त्याचे दोन हजार सुवर्ण झाले. परिवर्तनाचा दर त्यानें मूळ रकमेच्या शेजारींच कोरून ठेवला. पुढें कोणी भाव बदलला, तरी या दानाचा अर्थ बदलणार नाहीं. हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकानें हा लेख एकदां तरी पाहण्यासारखा आहे. नहपानाचें राज्य गौतमीपुत्र सातकर्णीनें जिंकलें, तेव्हां त्याची चांदीचीं नाणीं वितळविण्याच्या भरीस तो पडला नाहीं. त्यांच्यावर आपला ठसा मारून त्यानें तींच चालूं ठेवलीं. नाशिकजवळ जोगळटेंभीस १९०६ मध्यें अशीं तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं, आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा होता. राजा बदलला, वजन राहिलें.

मराठ्यांच्या काळांत येतांच मापांचा संसार एकदम गजबजून जातो. दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली; बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत सर्व कांहीं दुपटीनें चालतें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्याच्याजवळ गणित नाहीं, त्याच्याजवळहि दोन हात असतात. अर्धें करणें आणि दुप्पट करणें एवढें त्याला येतें. दशमानाची टर उडविण्याचें कारण नाहीं, पण दहाचे चार समान भाग निरक्षर माणसाला करतां येत नाहींत आणि शेराचे आठ येतात, हें खरेंच आहे.

शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे गड या मुलखाचे पहारेकरी. गड लढतो तो तोफेवर कमी आणि अंबारखान्यावर अधिक. म्हणूनच गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे. धान्य, तेल, मीठ, दारूगोळा यांची आवक-जावक त्याच्या शिरीं. आजच्या भाषेंत तो गडाचा साठा सांभाळणारा. जुन्या दफ्तरांतील धान्याच्या नोंदी पाहिल्या, तर आंकड्याच्या अगोदर एक-दोन शब्द हटकून येतात : ‘कैली’ किंवा ‘वजनी’, आणि कैलीच्या पुढें पुष्कळदां ‘बारुले’. कैली म्हणजे भांड्यानें मापलेलें, वजनी म्हणजे तराजूनें जोखलेलें. आणि बारुले म्हणजे बारा पायल्यांच्या मणानें. कारण सोळा पायल्यांचाहि मण होता, आणि त्याचें नांव सोळुले. समजा, एखाद्या गडावर शंभर खंडी बारुले धान्य चढलें. त्याच्या चोवीस हजार पायल्या झाल्या. नवा कारकून आला आणि त्यानें ‘बारुले’ हा शब्द गाळून नुसतें ‘शंभर खंडी’ असें उतरून घेतलें. त्यानंतर कोणीं सोळुल्याच्या हिशेबानें शिल्लक काढली, तर पंच्याहत्तरच खंडी भरावयाची. एक दाणा न हलतां पंचवीस खंडी नाहींशी झाली. अशा वेळीं चोर शोधावयाला माणसें धांवतात. गळलेला शब्द कोणी शोधीत नाहीं.

शब्द जागच्या जागीं असले, तरीहि भांड्याच्या तोंडाशीं भानगड उरतेच. पायली भरली कीं काठाच्या वर धान्याची जी टोंकदार रास राहते, तिला शीग म्हणतात. कोणी शिगोशीग मापतो, कोणी शीग हातानें सपाट करतो. रुंद तोंडाच्या मापावर शीग मोठी बसते, अरुंद तोंडाच्या मापावर लहान. म्हणजे पोटांत तंतोतंत सारखीं असलेलीं दोन मापें शिगेनें निराळीं होतात. ‘शिगेला पोंचणें’ हा शब्दप्रयोग शहरांतील सुशिक्षित घरांत रोज ऐकूं येतो; तो बोलणाऱ्यांपैकीं पायलीवरची शीग किती जणांनीं पाहिली असेल, कोण जाणे. बाजारांत मापणारा मापारी निराळा असे, आणि पहिलें माप ओततांना तो ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणत असे. लाभ कोणाचा, हें तो सांगत नसे.

पावसाळ्याच्या तोंडाशीं घरांतील धान्य संपलें, म्हणजे डोंगरकडेचा शेतकरी सावकाराकडून दाणे उचली. त्याची फेड सुगींत, वाढीदिढीनें. दिढी म्हणजे एकाचे दीड. हें व्याज तर उघड होतें, तोंडानें ठरलेलें होतें. त्याच्यावर बोलतां येत होतें. परंतु आषाढांत दिलेली पायली सपाट होती आणि मार्गशीर्षांत घेतलेली पायली शिगोशीग होती, तर त्या शिगेचा उल्लेख कोणत्याहि खतांत येत नसे. ‘मापांत पाप’ ही म्हण याच जागीं जन्मली. युरोपांतहि निराळें नव्हतें. फ्रान्समध्यें १७८९ सालीं राजापुढें मांडावयाच्या तक्रारींच्या याद्या गांवोगांव तयार झाल्या, त्यांत जमीनदारांच्या वाढत्या मापांबद्दलचें गाऱ्हाणें पुनःपुन्हां येतें. मीटर आणि किलोग्राम यांचा जन्म त्यानंतरच्या दहा वर्षांतला. शास्त्रज्ञांनीं पृथ्वीचा परीघ मोजला हें खरें. पण ज्या कुळांना खंड भरतांना घरच्या मापानें मापलेलें धान्य जमीनदाराच्या मापांत कमी भरल्याचें दिसे, त्यांचा रेटा मागें नसता, तर तो मोजणीचा कागद अकादमीच्या कपाटांत राहिला असता.

मापावरून वजन काढणें तर आणखी अवघड. आंबेगांवच्या पश्चिमेस भात, नाचणी आणि वरई. पूर्वेस बाजरी आणि ज्वारी. एक पायली बाजरीचें वजन एक पायली भाताइतकें नसतें. आणि भाताची पायली व तांदळाची पायली यांच्यांतहि टरफलाचें अंतर असतें. नवें धान्य ओलें, जुनें कोरडें. दमट दिवसांत एक वजन, उन्हाळ्यांत दुसरें. म्हणून कैली आणि वजनी हे दोन रकाने जुन्या कारकुनांनीं एकत्र केले नाहींत. हें त्यांचें अडाणीपण नव्हतें. १९८३ च्या जुलैंत कॅनडांतील एका मोठ्या विमानांत इंधन भरतांना तें मापलें लिटरमध्यें आणि हवें होतें किलोग्राममध्यें. मध्यें घालावयाचा आंकडा पौंडांचा होता, तो किलोचा समजून गुणाकार झाला. विमान निम्म्याहून कमी इंधनावर निघालें आणि आकाशांत त्याचीं दोन्हीं यंत्रें बंद पडलीं. वैमानिकानें तें घारीसारखें तरंगत एका जुन्या धांवपट्टीवर आणून उतरविलें आणि सर्व माणसें वांचलीं. पायलीला किती शेर वजन बसतें, हाच तो प्रश्न. जागा तेवढी उंच होती.

जमिनीच्या मापाची कथा थोडी निराळी आहे. शिवछत्रपतींच्या वेळची काठी सभासदानें लिहून ठेविली आहे : पांच हात आणि पांच मुठी, मिळून ब्याऐंशी तसू. वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा, आणि एकशेंवीस बिघ्यांचा एक चावर. हात आणि मूठ हे शब्द सांगून न थांबतां त्यांची बेरीज तसूंत देऊन टाकली, ही गोष्ट त्या कारभाराची नजर दाखविते. हात माणसागणिक बदलतो. ब्याऐंशी हा आंकडा बदलत नाहीं.

इंग्रजी अमलांत पुणें जिल्ह्याची पहिली मोजणी प्रिंगल यानें १८२७ च्या सुमारास हातीं घेतली. प्रत्येक शेताचें निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवावा, असा त्याचा विचार. कागदावर तो अत्यंत सुबक होता. पण एकूण पिकावरून निव्वळ पीक आणि निव्वळ पिकावरून रुपये, अशा एकावर एक रचलेल्या सरासऱ्यांत खालच्या पायरीवरील लहान चूक वरच्या पायरीवर मोठी होत गेली. धान्याचे भाव पडल्यावर सारा झेपेना, आणि कुळें गांव सोडूं लागलीं. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापुरापासून नवी पाहणी सुरू केली, ती याहून ओबडधोबड आणि म्हणूनच टिकाऊ ठरली. तिच्याबरोबर एकर आणि गुंठा पक्के झाले. तेहतीस फुटांची साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. सोळा आण्यांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एकर विलायती, पण तो चाळिसानें आणि सोळानें तोडून येथल्या शेराच्या व रुपयाच्या संवयीत बसविला. रुपयाचे आणे आणि गुंठ्याचे आणे सारखेच असल्यानें वांटणीचें गणित घरोघर समजलें. ‘माझा चार आणे हिस्सा’ हें वाक्य जमीन आणि पैसा दोहोंसहि लागूं पडूं लागलें.

वजनाच्या बाबतींत कंपनीनें केलें तें विचार करण्यासारखें आहे. १८३३ मध्यें तोळा १८० ग्रेनांचा ठरला, आणि १८३५ पासून रुपयाचें नाणेंहि तितक्याच वजनाचें पडूं लागलें. म्हणजे प्रत्येकाच्या कनवटीला सरकारी वजन आलें. ऐंशी नवे रुपये तराजूच्या एका पारड्यांत टाकले कीं दुसऱ्या पारड्यांत पक्का शेर तोलून घेतां येई. वाण्याचें वजन खोटें आहे अशी शंका आलेल्या गिऱ्हाइकाला याहून सोपी परीक्षा क्वचितच मिळाली असेल. अर्थात् ऐंशी रुपये जवळ असलेल्या गिऱ्हाइकाला. इतरांना पासंगाकडे डोळे लावून बसण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पारडीं समतोल नसलीं, तर हलक्या बाजूस दगडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. आणि ज्या भांड्यांत माल जोखावयाचा त्याच्या भारंभार दुसऱ्या बाजूस ठेवतात, तो धडा. एखादी गोष्ट ‘पासंगालाहि पुरत नाहीं’ असें म्हणतात, तेव्हां पासंग क्षुद्र मानलेला असतो. बाजारांतील माणूस त्याला क्षुद्र मानीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्यें वजनमापांचा कायदा झाला. त्याच्या आधींच १९५७ च्या पहिल्या एप्रिलला नवे पैसे यावयाचे ठरले होते आणि ते आले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पण सव्वासहा पैसे देणार कसे? म्हणून कोष्टक निघालें : एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस, चार आण्यांस पंचवीस. चार आणे एकदम मोडणाऱ्यास पंचवीस पैसे मिळत. तेच चार वेळां एक एक आणा मोडणाऱ्यास चोवीस. ज्याचा व्यवहारच एक एक आण्याचा, त्याच्या पदरीं तूट येणार, हें कोष्टकांतच लिहिलेलें होतें, आणि त्यांत कोणाचाहि दुष्ट हेतु नव्हता. मेट्रिक वजनांचा अंमल १९५८ च्या ऑक्टोबरांत टप्प्याटप्प्यानें सुरू झाला, आणि १९६२ च्या एप्रिलांत तीं देशभर सक्तीचीं झालीं. शेर म्हणजे ९३३.१ ग्राम, मण म्हणजे ३७.३२४ किलो. किलो शेराहून सुमारें चौदाव्या हिश्शानें मोठा. भाव तोच ठेवून शेराऐवजीं किलो दिला तर दुकानदार बुडतो, आणि भाव पंधराव्या हिश्शाहून अधिक वाढविला तर गिऱ्हाईक लुबाडलें जातें अशी तक्रार झाली, तरी ती बरोबर होती असें नाहीं. हिशेब करून पाहतां भाव चौदाव्या हिश्शानें वाढवावयास हवा; पण चौदा आणि पंधरा यांच्यांतील भेद भांडणाच्या वेळीं कोण पाहतो?

सातबाराच्या उताऱ्यावरहि पुढें एकर-गुंठ्यांच्या जागीं हेक्टर-आर आले, आणि येथें एक विलक्षण योगायोग आड आला. गुंठा आणि आर हे जवळजवळ सारखे आहेत. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर. इतके सारखे, कीं बोलतांना एकाच्या जागीं दुसरा सहज बसतो. पण एकराचे चाळीस गुंठे तेवढेच चाळीस आर समजले, तर सुमारें सत्तेचाळीस चौरस मीटर जमीन कागदावरून निसटते. एवढ्या जागेंत दोन खोल्यांचें घर उभें राहतें. याहून घातक गोष्ट टिंबाची. जुन्या उताऱ्यांत ‘१-२०’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात् दीड एकर. तोच आंकडा घाईनें ‘१.२०’ असा संगणकांत गेला, कीं दीड एकराचा सव्वा एकरहि उरत नाहीं. हेक्टर-आरांत मात्र ‘१.२०’ हें अगदीं बरोबर आहे. टिंब तेंच, एकदां त्याच्या पुढच्या आंकड्याला चाळिसानें भागावयाचें, एकदां शंभरानें. भावाभावांच्या वांटणींत अशीं टिंबें किती वर्षें सलत राहतात, हें घोडेगांवच्या किंवा जुन्नरच्या कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या कोणासहि विचारावें.

मेट्रिकचा विजय पुरा झाला, असें मात्र नव्हे. घोड नदीवरील डिंभे धरणानें मूळ आंबेगांव पोटांत घेतलें. गांव गेलें, तालुक्याला त्याचें नांव राहिलें. त्या धरणाचें पाणी आजहि टीएमसींत सांगतात, म्हणजे शंभर कोटि घनफुटांत. डिंभ्याचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या घरांत आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारें २,८३२ कोटि लिटर. फूट कायद्यानें बाजारांतून गेला, पण कालव्याचें आवर्तन किती, यावर पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील गांवांचीं भांडणें अजून त्याच्याच घनफळांत चालतात. तेथून थोड्या अंतरावर खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून आहेत. त्या दुर्बिणीच्या तर नांवांतच मीटर आहे.

आणि बाजार? नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो क्रेटनें विकला जातो. एक क्रेट म्हणजे वीस किलो, असा सर्वमान्य संकेत. कोथिंबीर आणि मेथी शंभर जुड्यांच्या भावानें. मंचरला कांद्याचा भाव दहा किलोंचा, पिशवी पन्नास किलोंच्या आसपास, आणि पट्टींत हिशेब क्विंटलचा. दूध मापावें तर लिटर आणि जोखावें तर किलो. लिटरभर दूध सुमारें १.०३ किलो भरतें, म्हणजे शंभर लिटरांत तीन किलोंचा फरक. एकच शेतकरी सकाळपासून दुपारपर्यंत चार भाषांत बोलतो आणि त्याला त्यांत नवल वाटत नाहीं.

नवल वाटतें तें साठ्याची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला. गोदामाचा कारकून त्यांत ‘कांदा’ हा माल नोंदवूं लागला, कीं यंत्र प्रथम विचारतें : मूळ एकक कोणतें? खरेदीचें कोणतें, विक्रीचें कोणतें? आणि एका पिशवींत किती? जाणता कारकून मूळ एकक नेहमीं लहानांत लहान, किलो किंवा ग्राम, असें ठेवतो, आणि पिशवी ही केवळ त्याची गुणाकारानें झालेली पदवी मानतो. नवखा पिशवीलाच मूळ मानतो, आणि तेथें कारखानिसाच्या दफ्तरांतील जुनी गोष्ट पुन्हां घडते. गोदामांत पन्नास किलोंच्या चारशें पिशव्या आहेत. पुढच्या हंगामांत पंचेचाळीस किलोंच्या पिशव्या येऊं लागल्या, म्हणून त्यानें कोष्टकांतील पन्नास खोडून पंचेचाळीस केले. त्या क्षणीं जुन्या साठ्याचे वीस हजार किलो अठरा हजार झाले. कांदा बराखींत जसाच्या तसा. वीस क्विंटल वहींतून उडाला. म्हणून बहुतेक प्रणाली व्यवहार सुरू झाल्यावर मूळ एकक बदलूं देत नाहींत, आणि नव्या पिशवीला नवें नांव देण्यास भाग पाडतात. ‘पिशवी पन्नास’, ‘पिशवी पंचेचाळीस’. बारुले आणि सोळुले यांचेंच हें आजचें रूप.

जें यंत्राला शिकवितां येत नाहीं, तेंहि पुष्कळ आहे. चैत्रांत बराखींत भरलेला कांदा भाद्रपदापर्यंत सुकतो, कांहीं सडतो. संख्या न बदलतां वजन घटतें, आणि ही घट कोणत्याहि वर्षीं सारखी नसते. आंबेगांव-जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरांत बाया-माणसें बाळहिरडा वेंचून आणतात, तो ओला एक वजनाचा, वाळल्यावर निराळ्या. ओल्याचें वाळलेलें किती, हा आंकडा ज्याच्या हातीं, भावहि त्याच्याच हातीं.

बाजारांत १९६३ च्या कायद्यापासून अनधिकृत कपातींना बंदी आहे. रुमालाखालीं बोटें दाबून ठरविले जाणारे सौदे गेले, उघडे लिलाव आले. ‘कडता’ हा शब्द मात्र तोंडांतून गेला नाहीं : माल ओला आहे, माती आहे, क्रेट जड आहे, म्हणून वजनांतून कांहीं वजा. २०२३ च्या जुलैंत टोमॅटोचा क्रेट दोन हजारांच्या पुढें गेला, तेव्हां एका किलोस शंभर रुपये पडले. क्रेटमागें अर्धा किलो कडता धरला, तर पन्नास रुपये. शंभर क्रेट आणलेल्या शेतकऱ्याचे पांच हजार. भाव पडलेल्या हंगामांत तोच अर्धा किलो कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

आतां कांटा विजेवर चालतो. क्रेट रिकामा असतांना तो कांट्यावर ठेवून एक कळ दाबली, कीं क्रेटचें वजन यंत्र स्वतः वजा करतें. जुना धडा तोच, दगडाची जागा कळीनें घेतली. तोलणारा एकामागून एक क्रेट चढवीत असतो. आणि शेतकरी त्याच्या खांद्यावरून, मालाचा आंकडा दिसण्याच्या आधीं, कांट्यावर शून्य आलें होतें कीं नाहीं, तेवढें पाहत असतो.